कोयनाबाईंचा हिरवा चुडा

7 मार्च 2019. त्या गुरुवारी दिल्लीत केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक भरली आणि इकडे कोयना जलविद्युत प्रकल्प, म्हणजे आपल्या कोयनाबाई, सत्तावन्नाव्या वर्षी 'नवीकरणीय' झाल्या. पाणी 1962 पासून जसे पोफळीच्या भुयारी वीजगृहात पावणेपाचशे मीटरवरून कोसळत आले, तसेच पुढेही कोसळत राहिले. आपली जात बदलली, हे त्याला कुणी कळवलेही नाही.

तोवरचा नियम मोठा सोवळा होता. 25 मेगावॅटपर्यंतचा जलविद्युत प्रकल्प नवीकरणीय. त्याच्या वर एक मेगावॅट चढला, की पाणी बाटले. पाऊस तोच, सह्याद्रीही तोच, पण मंत्रालय वेगळे आणि पंगतही वेगळी. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट, म्हणजे बाटण्यात कसलीच कसर नव्हती!

मंत्रिमंडळाने मर्यादा उठवली आणि एक वीट न रचता, एक सौर पॅनेल न ठोकता देशाच्या नवीकरणीय क्षमतेत सुमारे 45 हजार मेगावॅटची भर पडली. तीनच दिवसांनी लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या. योगायोग, दुसरे काय!

मात्र नवीकरणीयांचे हे नवे सासर हिशेबी निघाले. वीज कंपन्यांनी ठरावीक जलविद्युत घेतलीच पाहिजे, असे बंधन आले खरे. पण त्यात धरायचे ठरले ते निर्णयानंतर सुरू होणारे मोठे प्रकल्प. कोयनाबाईंचे नाव शिरगणतीत घातले, आहेराच्या यादीत नाही.

कामाला मात्र त्याच लागतात. दिवसभर कौतुक सौरऊर्जेचे. दिवेलागणीला सूर्य मावळतो, घरोघरी पंखे-टीव्ही सुरू होतात आणि ग्रिड सांभाळणाऱ्यांना धरण आठवते. कोळशाच्या संचाला तापायलाच तास लागतात, पाण्याची चक्रे काही मिनिटांत जोर धरतात. कोयनेचा एकटा चौथा टप्पा 1,000 मेगावॅटचा. पण तो चोवीस तास पळवता येत नाही, कारण कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायच्या पाण्याला वर्षाकाठी 67.5 टीएमसीचे माप लावून दिले. जूनमध्ये मिळालेले रेशन मे अखेरपर्यंत पुरवायचे. सरकारी जाहिरातीत मेगावॅट छापतात. टीएमसी छापले, तर जाहिरातीचा हिशेब होईल.

आणि धरणग्रस्त? त्यांची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा पाणी बाटलेले होते. आता ते शुद्ध झाले, तरी गावे पाण्याखालीच. 45 हजार मेगावॅटचा रंग एका बैठकीत बदलतो, पण पर्यायी जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढायला दोन पिढ्या पुरत नाहीत. मे महिन्यात धरणाचा शिवसागर जलाशय ओसरला, की काठची तांबडी माती उघडी पडते. बुडालेल्यांची नातवंडे आजाच्या नावाचे कागद घेऊन अजून कचेरीच्या पायऱ्या चढतात. ते कागद पिवळे पडलेत, आणि पिवळ्यासाठी मंत्रिमंडळाने अजून काही ठरवलेले नाही.