टूडू वेचा, कामाला हात लावू नका

जळगावच्या सराफ बाजारातल्या एखाद्या पेढीचं बिलिंग सॉफ्टवेअर तुमच्या गळ्यात पडलंय? आधीचा प्रोग्रामर हिंजवडीला गेला आणि जाताना कोडभर 'टूडू', 'फिक्समी', 'हॅक' अशा कॉमेंट पेरून गेला? वाईट वाटतं हो. पण घाबरू नका. ती कामं करायची नाहीत, नुसती वेचायची आहेत.

१. ग्रेप चालवा. १९७३ पासून युनिक्सवर हेच काम इमानेइतबारे करणारी ही कमांड फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकासकट सगळं समोर ओतते. स्क्रीन भरभर सरकू लागली की शेठजींना बोलवा. त्यांना वाटतं, पोरगं राबतंय.

२. 'एक्सएक्सएक्स' ही खूणही शोधा. सन कंपनीच्या १९९९ च्या जावा नियमावलीनुसार तिचा अर्थ 'गडबड आहे, पण चालतंय', आणि फिक्समीचा 'गडबड आहे आणि चालतही नाही'. शोधात आधार क्रमांकाचे झाकलेले आकडेही सापडतील. वगळू नका, यादी भरघोस दिसते.

३. रोमन लिपीतल्या मराठी कॉमेंटच्या वाटेला जाऊ नका. 'नंतर बघू', 'शेठला विचारणे', आणि गडी धुळ्याकडचा असेल तर 'मंग देखसूत'. खरी दुखणी इथेच असतात, पण यांच्यावर टूडूचा शिक्का नाही. शिक्का नाही म्हणजे काम नाही. सरकारी कचेरीत गेला असाल तर हे तुम्हाला शिकवायला नको.

४. एखादी कॉमेंट चुकून वाचलीच, तर मन घट्ट करा. उदाहरणार्थ: 'टूडू: पैशांचं राउंडिंग तात्पुरतं आहे, जीएसटी आल्यावर नीट करू.' जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. सोन्यावर तीन टक्के बसला. पुढे १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी सक्तीचा झाला, त्याचा रकाना याच ओळीखाली जोडला गेला. ओळ जागची हलली नाही. तुम्ही कोण हलवणारे?

५. आता गुन्हेगार पकडा. गिटची ब्लेम कमांड ओळीला शेवटचा हात कोणी लावला ते सांगते, पाप कोणाचं ते नाही. म्हणजे ज्या बिचाऱ्या इंटर्नने फक्त समासातल्या मोकळ्या जागा सारख्या केल्या, तो फासावर. चालेल. तो उलटून बोलत नाही.

६. यादी एक्सेलमध्ये घ्या. लाल, पिवळा, हिरवा रंग द्या. रंगांवर दोन बैठका सहज निघतात, चहा-कचोरीसकट.

७. शेवटी जालीम उपाय: टूडू असलेला कोड स्वीकारायचाच नाही, असा नियम सर्व्हरवर बसवा. संध्याकाळपर्यंत सगळे टूडू 'टीप' होतील आणि अहवालात शून्य दिसेल. त्या शून्याची प्रिंट काढून शेठजींच्या टेबलावर ठेवा. तेवढ्यात धुळ्याच्या शाखेतून फोन येईल, बिलात रुपयाचा फरक येतोय म्हणून. सांगा, नोंद घेतलेली आहे.