गॅप कसा सांगावा: नवशिक्यांसाठी

साहित्य: २०१७ च्या आसपासची पदवी; तिशीला टेकलेलं वय; मधली सगळी वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर आणि अभ्यासिकेच्या खुर्चीत गेलेली; राज्यसेवेच्या दोन मेन्स; पोस्ट शून्य. एवढं जमलेलं असेल तर पुढे वाचावं.

पहिला सराव घरच्या लग्नात करावा. एचआर मॅडम 'सध्या काय करता?' हे एकदाच विचारतात. मामा अक्षता पडायच्या आधी, पंगतीत आणि निघताना असं तीनदा विचारतात, शिवाय त्यांच्याकडे शेजारच्या पोराच्या पॅकेजचा आकडा तयार असतो. मामांना जो आवाज न चढवता उत्तर देऊ शकला, त्याने हिंजवडीला मुलाखतीला खुशाल जावं.

आता सीव्ही. इथे हितचिंतक सल्ले देतात. महिने गाळ, नुसती सालं लिही, असं एक जण सांगतो. डिसेंबरात नोकरी सोडून जानेवारी उलटल्यावर कधीतरी दुसरी धरणाऱ्याचं त्यात भागतं. सात वर्षं त्यात मावत नाहीत. दुसरा म्हणतो, 'फ्रीलान्स कन्सल्टंट' लिही. जरूर लिहावं, फक्त कोणाला काय सल्ला दिला ते तयार ठेवावं. रूममेटला सी-सॅटची गणितं सोडवून दिली, हे त्यात धरत नाहीत. तिसरा सल्ला कुजबुजत मिळतो: अनुभवाचं पत्र विकत आण. आणावं की! मग पडताळणीवाला यूएएन मागतो. त्या बारा आकड्यांमागे कोणी कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला ते सगळं दिसतं, आणि पत्रावरच्या कंपनीने तुमच्या नावे रुपयाही भरलेला नसतो. ऑफर जाते, आणि गॅपच्या जोडीला आता लबाडीही निस्तरावी लागते.

तेव्हा खरं सांगावं, पण थोडक्यात. नवशिक्या घसरतो तो इथेच. त्याला लोकसेवा आयोगाची सगळी हकिगत सांगायची असते: ५ एप्रिल २०२० ची पूर्वपरीक्षा ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली, मग सी-सॅट पात्रतेपुरता उरला, मग वर्णनात्मक पॅटर्न आला आणि तो २०२५ पर्यंत लांबवण्यासाठी पोरांना रस्त्यावर बसावं लागलं. सगळं खरं आहे, आणि ते ढकलाढकलीचं एक वर्ष तरी तुमच्या नावावर टाकणं अन्यायाचंच आहे. पण समोरच्याला सोमवारपासून कामाला माणूस हवाय. 'राज्यसेवेची तयारी केली, दोनदा मेन्सपर्यंत गेलो, आता थांबलोय,' एवढं बोलून पाणी प्यावं.

यातलं शेवटचं गाळू नये. मागच्या गॅपपेक्षा मुलाखत घेणाऱ्यांना धास्ती पुढच्याची असते. पुढची जाहिरात निघाली की हा रजा टाकून पेठेत पळणार! खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत परीक्षा देता येते, हे त्यांनाही ठाऊक असतं. त्यांच्यापैकी एखाद्याने स्वतःही एखादी प्रिलिम देऊन पाहिलेली असते. (मनातून थांबला नसाल, तर ही मार्गदर्शिका मिटून फॉर्म भरावा. मुलाखतकाराला फसवणं एक वेळ जमेल, पण जाहिरात निघाल्यावर स्वतःला आवरणं कठीण.)

पुढचे प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे येतात. ७३ वी घटनादुरुस्ती कोणी विचारत नाही, एक्सेलमधलं व्हीलुकअप विचारतात. ते दोन-चार संध्याकाळी बसून शिकता येतं, तक्रार करू नये. क्लासचे पेपर पैसे घेऊन तपासले असतील किंवा अभ्यासिकेची फी गोळा करून हिशेब ठेवला असेल, तर तेही सीव्हीवर घालावं. ते कामच होतं. तुम्हीच त्याला चहाचा खर्च निघाला म्हणून सोडून देत होता.

निवड झाली, की काही कंपन्या नोटरी केलेलं गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. म्हणजे इतके महिने जे झाकायची धडपड केली, तेच आता मुद्रांकावर, शपथेवर लिहून द्यायचं. मुद्रांक पूर्वी शंभरचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे मजकूर तयार असतो. तो फक्त 'कधीपासून, कधीपर्यंत?' विचारतो, का ते विचारत नाही. तारखा पदवीच्या कागदाशी ताडून मगच सही करावी, आणि स्कॅन करून ठेवावं. पुढची कंपनीही मागू शकते.