रोज सकाळी ७७७: नवशिक्यांसाठी

लिनक्सवर फाइलची परमिशन बदललीत, मशीन रीस्टार्ट केलं, आणि परमिशन पुन्हा होती तिथेच? अभिनंदन. आयुष्यभर पुरेल असा छंद तुम्हाला लागला आहे. पथ्य एकच: ती परत कोण बदलतंय हे कधीही शोधायचं नाही. एकदा ते सापडलं की काम चहा निवायच्या आत संपतं. मग रविवारी करणार काय?

१. सीएचमॉड ७७७ पाठ करा. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, बेरीज ७. मालकाला सात, ग्रुपला सात, आणि ज्याच्याशी ओळखदेख नाही त्यालाही सात. कशासाठी, हे विचारू नका. लक्षात राहतं, एवढं पुरे.

२. आता आर्डुइनो जोडा. 'परमिशन डिनाइड' आलं की त्याच्या पोर्टवर सुडो लावून ७७७ मारा. चाललं! केबल काढून पुन्हा लावा. गेलं! रडू नका, सगळ्यांचं असंच होतं. 'देव्ह'मधली ती पोर्टची फाइल डिस्कवर नसतेच. उपकरण जोडलं की कर्नल ती नव्याने तयार करतो आणि यूडेव्ह आपल्या नियमांप्रमाणे ग्रुप आणि परमिशन लावून देतो. तुमचं ७७७ केबलबरोबरच वारलेलं असतं. डेबियन किंवा उबुंटूवर स्वतःला 'डायलआउट' ग्रुपमध्ये घालून एकदा लॉगआउट केलं की हा त्रास कायमचा जातो. म्हणूनच घालू नका.

३. विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. तिथे बहुतेक वेळा परमिशन ड्राइव्ह माउंट होतानाच ठरते, तीही सगळ्या फाइलींना सरसकट. सीएचमॉड चालवा. कमांड निमूटपणे पार पडते आणि काहीही बदलत नाही. अर्जावर आवक क्रमांक पडावा आणि अर्ज तिथेच राहावा, तसं. पुन्हा चालवा. एफएसटॅब नावाच्या फाइलीत यूआयडी आणि यूमास्क लिहिण्याची एक ओळ असते, तिकडे फिरकू नका.

४. ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये सगळ्या फाइलींना ६६६ द्या. जेवून या. तोवर कुणीतरी एक फाइल सेव्ह केलेली असेल आणि ती ६४४ वर आलेली असेल. बरेच प्रोग्राम सेव्ह करताना नवी फाइल लिहितात आणि जुनीच्या नावाने ठेवतात. नवीला यूमास्क लागतो, बहुधा ०२२. फोल्डरवर डीफॉल्ट एसीएल लावणं हा उपाय भ्याडांचा. तुम्ही क्रॉनमध्ये दर मिनिटाला ७७७ मारणारी ओळ टाका. दिवसभर दोन प्रोग्राम एकमेकांशी भांडतील आणि वार्षिक मूल्यमापनात तुम्हाला 'ऑटोमेशन' असं लिहिता येईल.

५. वैताग आला? आता पदवी परीक्षा: रूट होऊन थेट स्लॅशपासून खाली सगळ्यावर ७७७. या एका कमांडने सुडोचा सेटयूआयडी बिट पुसला जातो आणि सुडो काम करायला नकार देतो. तुमची खाजगी किल्ली कुणालाही वाचता येते, हे पाहून एसएसएचही ती हातात घेत नाही. पण मूळ तक्रार मिटली ना? नाही. परमिशन आपोआप बदलतच राहतील, फक्त आता सुडो वापरून तुम्हाला त्या बदलता येणार नाहीत.

६. यातून मशीन वाचलंच, तर लाडक्या फाइलीवर चॅटर +आय लावा. मग रूटलाही ती हलवता येत नाही. लावल्याचं कुठेही लिहून ठेवू नका. पुढच्या अपडेटला पॅकेज अडकेल तेव्हा नव्याने नवशिके व्हाल.

एक धोक्याची सूचना. ऑडिटडी नावाचं पॅकेज मिळतं. त्यात ऑडिटसीटीएलने फाइलीवर पहारा बसवला, की तिची परमिशन कोणत्या प्रोग्रामने आणि कधी बदलली, ते लॉगमध्ये नावानिशी येतं. छंद टिकवायचा असेल तर ते इन्स्टॉल करू नका.