दोन नळ्या आणि एक गाय

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या नगरभवनासमोर एक तोफ उभी आहे. लांबून पाहिली तर चारचौघींसारखीच. जवळ गेलं की तोंडाशी दोन भोकं दिसतात, शेजारी शेजारी, नाकपुड्यांसारखी.

ही करणी जॉन गिलेलँड यांची. साल १८६२. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं यांच्यात यादवी पेटलेली, दक्षिणेतल्या या गावातली तरणी पोरं आघाडीवर गेलेली आणि गाव राखायला उरलेली वयानं किंवा तब्येतीनं बाद झालेली मंडळी. गिलेलँड त्यांच्याच पथकात शिपाई. दंतवैद्यकी, घरबांधणी, यंत्रकाम असे सगळे उद्योग हाताखालून गेलेले. राहता राहिली होती तोफ. दोन नळ्यांतून दोन गोळे सोडायचे आणि गोळ्यांना जोडणारी ८-१० फुटांची साखळी ठेवायची, अशी त्यांची कल्पना. नळ्या तोंडाकडे किंचित फाकलेल्या. म्हणजे गोळे सुटताच एकमेकांपासून लांब जाणार, साखळी ताणली जाणार आणि विळ्यानं गवत कापावं तशी शत्रूची रांग आडवी होणार. एका दगडात दोन पक्षी कसले, अख्खा थवाच! गावातल्या ३६ जणांनी ३५० डॉलर वर्गणी काढली आणि गावच्याच ओतशाळेत तोफ ओतली गेली.

२२ एप्रिलला चाचणी. समोर लक्ष्य म्हणून दोन खांब रोवलेले. पण दोन नळ्यांतली दारू एकाच क्षणी पेटेल तर ती दारू कसली! जुवाला जुंपलेल्या जोडीतला एक बैल उधळावा आणि दुसरा अजून रवंथ करत असावा, तसं झालं. पहिल्या बारात गोळे साखळीसकट गरगरत मक्याच्या शेतात शिरले आणि त्यांनी फुकटात नांगरट करून दिली. दुसरा बार पाइनच्या झाडीत गेला. तिसऱ्या वेळी साखळीच तुटली. एका गोळ्यानं जवळच्या घराचं धुराडं पाडलं, दुसऱ्यानं एक गाय मारली, असं गावची हकिगत सांगते. खांब जागच्या जागी.

चाचणी यशस्वी झाली, असं गिलेलँड यांचं मत. तोफ मग ऑगस्टाच्या शस्त्रागाराकडे धाडली; तिथलं मत वेगळं पडलं आणि ती माहेरी परत आली.

तरी त्या शतकात एकटे गिलेलँडच असे नव्हते. रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्यानं क्रिमियाच्या युद्धासाठी ३६ इंची तोंडाची उखळी तोफ योजली. युद्ध १८५६ मध्ये संपलं, तोफ चाचणीला उभी राहिली १८५७ मध्ये: वरातीमागून घोडं, तेही ४२ टनांचं. एकूण १९ बार झाले, आणि दर थोड्या बारांनी ती काही ना काही मोडून घेई.

अमेरिकी आरमाराचं ‘व्हेसुव्हिअस’ जहाज त्याहून मजेदार. बारुदाच्या हिसक्यानं डायनामाइट नळीतच फुटेल या धास्तीनं तिथे गोळा दाबलेल्या हवेनं उडवत. १५ इंची तीन नळ्या जहाजात पक्क्या रोवलेल्या. नेम धरायचा तर अख्खं जहाज वळवायचं! १८९८ मध्ये स्पेनशी झालेल्या युद्धात क्युबातल्या सँतियागोपुढे रात्री त्यानं मारा केला. तोफेनं गरजायचं सोडून नुसतं खाकरावं, असा आवाज. गोळा येतोय याची वर्दीच नाही. नुकसान बेताचंच झालं, घाबरगुंडी मात्र चांगली उडाली.

गिलेलँडची तोफ मात्र पुढे धोक्याची सूचना द्यायला गावात ठेवली गेली. या कामात एकच नळी आधी उडाली तरी कुणाची तक्रार नव्हती. १८६४ मध्ये उत्तरेचे स्वार जवळ आले तेव्हा गावच्या फौजेबरोबर तिला बार्बर्स क्रीक या ओढ्यावर नेलं. या खेपेला तिच्यात छर्रे भरले होते. साखळीचं नाव कुणी काढलंच नाही.

आजही तिचं तोंड उत्तरेकडे, म्हणजे जुन्या शत्रूच्या दिशेला आहे. तिकडच्या गायींना कुणी सांगितलेलं दिसत नाही.