दुनळीचा थाट

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीचे दिवस सरले आणि वाड्यावाड्यांतल्या दुनळी बंदुकांना एकच काम उरलं : घराण्याची आब राखणं. मला ते काम फार पटतं. मी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारा माणूस. पण पाठीमागे बर्मिंगहॅमची बाराबोअर टांगलेली असेल, तर मला नसलेल्या मिशीला पीळ भरावासा वाटतो. तरीही, किंबहुना म्हणूनच, माझं ठाम मत आहे की जुनी बंदूक बार काढून जेवढी खराब होत नाही, तेवढी ती मिरवून होते.

पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि दोन नळ्यांना सांधणाऱ्या पट्टीच्या कडेला, दिवाणखान्यातून कुणालाच दिसत नाही अशा जागी, गंज बसतो. शिवाय पाहुणे. प्रत्येकाला बंदूक ‘जरा हातात’ हवी असते आणि बोटांच्या घामातलं मीठ पोलादावर ठसा ठेवून जातं. मग कातडी पेटीत ठेवावी? तिथेही नको, कातडं दमटपणा धरून ठेवतं, ती पेटी प्रवासापुरती. बरं, भरपूर तेल पाजावं? ते ओघळून दस्त्याच्या सांध्यात मुरतं आणि अक्रोडाचं लाकूड मऊ पडतं. म्हणून पुसटसं तेल लावायचं आणि दुनळी कुलपाच्या कपाटात नळ्यांची तोंडं खाली करून उभी ठेवायची. घराण्याची शान शीर्षासनात! इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

त्यात खंडेनवमी येते. एरवी वर्षभर दुर्लक्षित असलेल्या बंदुकीवर त्या दिवशी पाणी शिंपडलं जातं, ओलं हळदकुंकू लागतं, दोन्ही नळ्यांच्या तोंडांत झेंडूचा एकेक गोंडा खोचला जातो. एखादी अक्षता चापाच्या फटीतून आत जाते आणि तिथेच मुक्कामाला राहते. आरती होते, प्रसाद होतो, बंदूक तशीच ओली. गंजाला याहून चांगलं आमंत्रण नाही. ‘पण परंपरा आहे,’ असं कुणी म्हणेल. आहेच, आणि ती मोडावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण आपल्या परंपरेनं यावर तोड फार पूर्वीच काढून ठेवली आहे. साक्षात गणपती सुपारीत बसतो, नवग्रह सुपारीत बसतात. मग एका इंग्रज बंदुकीनंच एवढा मानपान का धरावा? बंदूक कपाटात, सुपारी पाटावर, कुंकू सुपारीला. काही घरांत यावरून भांडण होईल, पण ते दरवर्षी कशावरून तरी होतंच.

दुसरा आक्षेप असा की जुनी वस्तू झळाळायला हवी. इथे मात्र मला हसू येत नाही. दमास्कस नळी म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेलं काम. पॉलिशच्या चाकावर धरली की तिच्यावरची लहर पुसट होते आणि कारागिराचं कोरीव कामही बुजतं. दस्त्याच्या मानेवरची जाळीदार नक्षी झिजून गुळगुळीत झालेली असते. तिथे कुणाचा तरी तळवा वर्षानुवर्षं बसला होता. बंदुकीवर त्या माणसाचं तेवढंच उरलेलं असतं, आणि आपण तेच नव्यानं कोरून घेतो, कारण फोटो चांगला यावा.

‘निदान लग्नात तरी एक बार काढू,’ हा शेवटचा आक्षेप. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे उडवलेल्या बाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे अनेक जुन्या इंग्रजी बंदुकांचं काडतुसाचं घर अडीच इंची असतं. आजचं पावणेतीन इंची काडतूस त्यात बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि नळी फाटू शकते. तेव्हा पुसायला का होईना, बंदूक हातात घेतलीत तर आधी ती सांध्यात उघडून दोन्ही घरं रिकामी आहेत ना, एवढं डोळ्यांनी बघा. वडिलांनी बघितलं होतं, हे चालणार नाही.