पायांपुरते राजे

भातसानगरच्या माणसाकडे पाहुण्याला दाखवायला धरण असतं. मुंबई पिते त्यातलं जवळजवळ निम्मं पाणी इथलं, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही आमच्याच शहापूर तालुक्यातले. धरण दाखवून झालं की एवढं सांगतो, पाहुणा हळहळतो, मग चहा होतो. दिवाळीला आलेला मेहुणा मात्र तिसऱ्या दिवशी धरण आणि हळहळ दोन्हीला कंटाळला. "दाजी, जवळपास प्राचीन असं काही नाही का? गुहा, चित्रं... जाताजाता एखादं जनावर?"

म्हटलं, चला नाणेघाटात.

भीमबेटकाच्या चित्रगुहांचा शोध पुरातत्त्वज्ञ वाकणकरांना १९५७ साली लागला, तो आगगाडीच्या खिडकीतून खडक दिसले म्हणून. आमच्या बसच्या खिडकीतून शहापूर ते सरळगाव काहीही दिसलं नाही. काचेवर धुळीचा असा थर होता की मेहुण्याच्या मुलाने बोटाने त्यावर शिंगंबिंगं असलेलं हरीण काढलं. शैलचित्र म्हणाल तर दिवसभरात तेवढंच.

टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याजवळ उतरलो आणि रान सुरू झालं. मेहुण्याच्या गळ्यात दुर्बीण होती. पहिल्याच वळणावर साळिंदराचा काटा सापडला. साळिंदर नव्हतं. मग कातळाच्या फटीत सापाची कात; तिचा मालक नवी घालून निघून गेलेला. ऐनाच्या झाडावरून वानराची शेपटी लोंबत होती, आणि दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत तीही वर ओढली गेली. मोर नुसता ओरडला.

एवढ्यात पोरगं किंचाळलं, "आतोबा, बिबट्या!" चिखलात पंजा उमटला होता. मेहुण्याने शेजारी काडेपेटी ठेवून सहा फोटो काढले आणि आवाज अगदी खाली आणला. मागून कोयता घेतलेले एक आजोबा आले, वाकले आणि म्हणाले, "कुत्र्याचा हाय. नखं बघा की पुढं. वाघरू नखं आत घेऊन चालतं." असं म्हणून ते पुढे गेले. पाठोपाठ सदर कुत्राही गेला. दिवसभरात अख्खा दिसलेला प्राणी हाच.

वर पोचायला आम्हाला तीन तास लागले. दगडी पायऱ्या आहेत, पण त्या सातवाहनांच्या गुडघ्यांच्या मापाच्या. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नर-पैठणकडे जायचा, आणि तोही ओझ्यासकट. आमच्याकडे चार थालीपिठं होती, ती अर्ध्या वाटेवरच हलकी केली.

गुहेत शिरताच पोराने विचारलं, "चित्रं कुठायत?"

चित्रं नाहीत. समोरच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या मंडळींच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी आणि राणी नागनिका, राजपुत्र, एक महारठी, अशी नावं वर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. नावांखाली भिंत, आणि भिंतीखाली पावलांच्या खुणा. मधला राजा गायब. सरकारी कचेरीत खुर्चीखाली चपला असतात आणि साहेब नसतात, तसं.

"काट्यावरून साळिंदर ओळखलंत तसं पायांवरून राजे ओळखा," मी म्हटलं. मेहुण्याने बूट काढून गुहेच्या दगडी ओट्यावर अंग टाकलं होतं.

जनावरांची हौस शेवटी बाजूच्या भिंतींनी फेडली. तिथे नागनिकेचा प्राकृत लेख आहे. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांची दक्षिणा. एका ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे, दुसरीकडे हत्ती. दोन हजार वर्षांपूर्वी ही गणती आकड्यांत कोरली म्हणून भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांच्या नमुन्यांत या भिंतीचं नाव येतं. अक्षरं मधेमधे झिजलीत, म्हणजे इथेही सगळं तुकड्यातुकड्यांनीच. तरी मी बोट हवेत धरून मोठ्या अधिकाराने वाचत होतो. ब्राह्मी मला येत नाही. आदल्या रात्री पाठ केलं होतं.

माथ्यावर जकातीचा दगडी रांजण आहे. मेहुण्याने आत डोकावून पाहिलं आणि समाधानाने म्हणाला, "दाजी, बंद पडलेला टोलनाका आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." त्याच्या डोक्यावर उभा सुळका दिसत होता, नानाचा अंगठा. खाली राजांचे पाय आणि वर नानाचा अंगठा. मधल्या माणसाची जुळणी करत आम्ही सोबत आणलेल्या दिवाळीच्या चकल्या खाल्ल्या. एक कुत्र्याला दिली.

रात्री घरी आलो. बायकोने विचारलं, "काय काय पाहिलंत?"

"पाय," पोरगं म्हणालं.

सकाळी मेहुणा पलंगावरून उठेना. राजांचे पाय तेवढे उरलेत. त्याचं पाय सोडून बाकी सगळं शाबूत होतं. बायकोने तिळाच्या तेलाची वाटी गरम करून आणली आणि माझ्या हातात दिली. "तुम्हीच नेलं होतंत ना?"