कानावर लावलेले दिवे

गेमिंग हेडसेटच्या दोन्ही बाजूंना जे रंगीत दिवे असतात, ते हेडसेट घालणाऱ्याला दिसत नाहीत. एवढी एकच गोष्ट नीट लक्षात घेतली तरी मध्यम बजेटमधल्या खरेदीचा निम्मा गुंता सुटायला हरकत नाही. सुटत नाही, कारण कानांसाठीची वस्तू आपण डोळ्यांनी निवडतो, आणि तेही लोकांच्या डोळ्यांनी. आता हे लोक कोण? रात्री साडेअकराला घरचे झोपलेले असतात. टीममेटना आपला आवाज ऐकू जातो, तोंड दिसत नाही. तरीही मनात कुठेतरी असतं की कानाशी जांभळ्याचा निळा होणारा दिवा असला तर नेम जरा बरा लागेल. चाळिशी ओलांडलेल्या, पहिल्याच राउंडला गारद होऊन बाकीच्यांचा खेळ बघत बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला लढाऊ विमानाच्या वैमानिकासारखं दिसायची हौस का असावी, हे मानसशास्त्रज्ञांनी बघावं. तिची किंमत मात्र खोक्यावर छापलेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे : चार ते सहा हजारांत हेडसेट घ्यायचा आणि तो चार-पाच वर्षं चालवायचा असेल, तर आवाज काढणाऱ्या भागाकडे कमी बघावं आणि त्याला धरून ठेवणाऱ्या भागांकडे जास्त. आतला ड्रायव्हर, म्हणजे तो छोटा स्पीकर, सहसा शेवटपर्यंत ठणठणीत असतो. आधी जातात ते त्याचे नातेवाईक : कप जिथे फिरतो तो सांधा, वायर जिथे कपात शिरते ती जागा, कानांच्या गाद्या, आवाज कमी-जास्त करायची चकती.

खोक्यावर या नातेवाइकांचा उल्लेख नसतो. तिथे हर्ट्झ असतात. माणसाचा कान, तोही तरुण आणि निरोगी असला तर, साधारण 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकतो, आणि चाळिशी-पन्नाशीत वरचे चार-पाच हजार बहुतेकांच्या खात्यातून केव्हाच वजा झालेले असतात. पण रेझरच्या ब्लॅकशार्क व्ही 2 हेडसेटवर 12 ते 28,000 लिहिलेलं आहे, आणि ‘हाय-रेझ’चा सोनेरी शिक्का हवा असेल तर उपकरणाला 40,000 पर्यंत जावं लागतं. हे आकडे खोटे नसतात. ते फक्त आपल्यासाठी नसतात. घरातल्या मांजराला त्यातलं पुष्कळ ऐकू येईल, पण मांजर बंदुकीच्या खेळात रमत नाही. तरीही 20,000 वाला आणि 28,000 वाला शेजारी ठेवले की आपण दुसऱ्याकडे वळतो. न ऐकू येणाऱ्या आठ हजार हर्ट्झची मालकी आपल्याकडे असावी, असं वाटणं ही निखळ जमीनदारी आहे, आणि मी तिच्यापासून मुक्त आहे असा दावा करणार नाही. माइकचंही तसंच. 1962 मध्ये बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट माइक तयार केला, आणि तेव्हापासून बोलण्यापुरता चांगला माइक ही फार स्वस्त गोष्ट झाली आहे. ‘डावीकडून येतोय, डावीकडून!’ एवढं ओरडायला स्टुडिओ लागत नाही. माइक काढता-घालता येतो का, एवढं बघावं. कारण दांडी एकदा सैल झाली की ती खाली लोंबते आणि आपण हनुवटीने तिला सावरत बसतो.

इथे जाणकार खेळाडू हात वर करतो. त्याचा मुद्दा असा की नेमबाजीच्या खेळात पावलांचा आवाज कुठून येतोय हे कळणं म्हणजे जिवंत राहणं, आणि त्यासाठी 7.1 सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास, हवंच. मुद्द्याचा पहिला भाग सोळा आणे खरा आहे. दुसऱ्याला मात्र निसर्गाची हरकत आहे : माणसाला कान दोनच आहेत आणि 7.1 लिहिलेल्या जवळपास सगळ्या हेडसेटमध्ये ड्रायव्हरही दोनच आहेत. दिशा कळते ती मेंदूला. डावीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा आणि किंचित हलका पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी 1907 मध्येच हे मांडलं होतं. वर-खाली आणि पुढे-मागे ओळखायला कानाच्या पाळीच्या घड्या मदत करतात. या सगळ्याची नक्कल सॉफ्टवेअर करतं आणि ते हेडसेटच्या पोटात असायची गरज नाही. व्हॅलोरंट या खेळात आवाजाच्या सेटिंगमध्येच एचआरटीएफ नावाची सोय आहे, फुकट. ती चालू ठेवून वर हेडसेटचं 7.1 ही चालू केलं तर एकाच आवाजावर दोनदा संस्कार होतात आणि शत्रू चारही दिशांनी एकदम येऊ लागतो. तेव्हा 7.1 च्या बटणासाठी मोजलेले हजार रुपये सांध्यांसाठी मोजावेत, असं मला वाटतं.

सांधे म्हणजे मुख्यतः हेडबँड, आणि हेडबँड म्हटलं की नथॅनिएल बाल्डविन यांच्याकडे वळल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अमेरिकेतल्या युटामधला हा गृहस्थ. म्हणतात की भल्यामोठ्या प्रार्थनागृहात प्रवचन नीट ऐकू येईना, तिथून त्याचं कानांवरचं खूळ सुरू झालं. 1910 मध्ये त्याने अमेरिकी नौदलाला पत्र लिहिलं, निळ्या-गुलाबी कागदावर जांभळ्या शाईने. आजचा एखादा गेमिंग ब्रँड हे रंग ओळखीचे म्हणून उराशी धरील. नौदलाला ते पत्र विचित्रच वाटलं. पण सोबत आलेला हेडफोनचा संच तपासला तर तो त्यांच्याकडच्या संचांपेक्षा कितीतरी सरस निघाला. नौदलाने मागणी नोंदवली. बाल्डविनने कळवलं की एका खेपेला दहाच देता येतील, कारण तो ते स्वयंपाकघरात बनवत होता. जगातल्या एका बलाढ्य आरमाराची ऐकण्याची सोय एका घरातला स्वयंपाक कधी उरकतो यावर थांबली होती, हे चित्र मला फार आवडतं. पुढे नौदलाची तक्रार आली, आणि ती वाचताना शंभराहून अधिक वर्षं गळून पडतात : डोक्यावरची पट्टी टोचते. बाल्डविनने पट्टी काढून तिथे चामड्यात मढवलेल्या तारेच्या दोन दांड्या बसवल्या, कप वर-खाली सरकतील अशा. नौदलाने सुचवलं की याचं पेटंट घ्या. तो म्हणाला, एवढ्याशा क्षुल्लक गोष्टीचं काय पेटंट घ्यायचं! पुढे त्याचा कारखाना झाला, भरभराट झाली आणि 1924 मध्ये दिवाळंही निघालं, पण आपलं काम त्या दांड्यांशी आहे. धातूची तार, वर मढवण, सरकता कप : टिकाऊ हेडसेट आजही याच आराखड्यावर असतात. त्याने क्षुल्लक म्हणून सोडून दिलेली गोष्टच नेमकी आज महागाच्या मॉडेलमध्ये मिळते, आणि मधल्या मॉडेलमध्ये तिच्या जागी चकचकीत प्लास्टिक घालून उरलेल्या पैशांत दिवे लावलेले असतात.

प्लास्टिकलाही माझा सरसकट विरोध नाही. मोडतं कुठे ते महत्त्वाचं. हेडसेट एका हाताने ओढून काढायची सवय सार्वत्रिक आहे. त्या ओढीत पट्टी तिरकी पिळली जाते आणि सगळा ताण कपाला धरणाऱ्या काट्यावर येतो. तिथे धातू असेल तर तो वाकून परत येतो. पातळ प्लास्टिक असेल तर आधी पांढरी रेघ उमटते आणि मग एका साध्यासुध्या संध्याकाळी कप हातात येतो. हायपरएक्सचा 2017 चा क्लाउड अल्फा इतकी वर्षं शिफारशींत टिकला त्यामागे ॲल्युमिनियमची चौकट, निघणारी वायर आणि निघणारा माइक ही तीन अगदी नीरस कारणं आहेत. वायर निघते की नाही हा प्रश्न तर मी सगळ्यांत वर ठेवीन. वायर अधेमधे क्वचितच तुटते, बहुधा टोकाशीच तुटते. ज्याची निघते तो दोनेकशे रुपयांची दुसरी आणतो. ज्याची निघत नाही तो पुण्यात असेल तर तपकीर गल्ली आणि मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोड गाठतो. तिथला कारागीर वायर सोलतो तेव्हा कळतं की हे साधं काम नाही : आतले केसाएवढे तांब्याचे धागे लाल, हिरव्या लाखेने रंगवलेले असतात आणि मधून नायलॉनचा दोरा गेलेला असतो. लाख जाळल्याशिवाय डाख धरत नाही आणि जरा जास्त जाळलं की धागाच जातो. तो डाखणीच्या टोकावर कथलाचा थेंब धरून त्यात धागे हलकेच बुडवतो, लाखेचा धूर निघतो, तांबं चमकतं, आणि तुमचा उजवा कान परत येतो.

गाद्यांचं प्रकरण आपल्या हवेत आणखी गंभीर आहे. खोक्यावर ज्याला ‘प्रोटीन लेदर’ म्हणतात, त्यात प्रोटीन असलंच तर नावापुरतं. बहुधा ते कापडावर चढवलेलं पॉलियुरेथेन असतं, आणि दमट हवेत पाण्याचा अंश ते हळूहळू फोडतो. त्यावर घाम आणि खोबरेल तेल. मुंबईत किंवा रत्नागिरीत दोन पावसाळे काढले की कानामागे, मानेवर, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर काळे पापुद्रे दिसू लागतात आणि घरातले कोंड्याचा शांपू सुचवतात. हे दिसायला विनोदी आहे, पण पुढचं नाही. गादी फाटली की फट पडते, फटीतून खर्जातला आवाज निसटतो आणि बाहेरचा आत येतो. मग आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास सुरक्षित धरता येतो, पण 90 डेसिबल झाला की ही मुदत चार तासांवर येते. तीनशे रुपयांची गादी मिळाली नाही म्हणून पोरं जे कान झिजवतात, त्यांना सुटा भाग मिळत नाही. तेव्हा हेडसेट घेण्याआधी त्याच्या गाद्या वेगळ्या मिळतात का हे शोधावं, आणि मिळत असतील तर कापडी किंवा मखमली घ्याव्यात. बाहेरचा आवाज त्या जरा कमी अडवतात, पण पापुद्रे धरत नाहीत.

बिनवायरच्या हेडसेटच्या बाजूने घेतला जाणारा आक्षेप मला मान्य आहे : डोंगलवाल्यांत लॅग आता जाणवत नाही, आणि पाणी प्यायला उठताना लॅपटॉप मागे ओढला जात नाही हे सुख कमी नाही. पण आतली लिथियम बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद साधारण 80 टक्क्यांवर येते आणि तिथून उतरणच असते. ती बदलायला कप उघडावा, तर तो बहुधा डिंकाने चिकटवलेला. युरोपीय संघाने 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः बदलता आल्या पाहिजेत असा नियम केला आहे. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं सरकारी पोर्टल सुरू झालं, पण चिकटवलेला डिंक पोर्टल बघून सुटत नाही. माझी खरी चीड इथे आहे. आवाजाचा भाग दहा वर्षं जगू शकतो हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तरी त्याला अडीच वर्षांच्या बॅटरीशी डिंक लावून जखडलं जातं. वॉरंटीत सांधा तुटला तर ‘फिजिकल डॅमेज’, म्हणजे दोष तुमच्या डोक्याचा. 1988 चा सेनहायझर एचडी 25 बघा : त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि घरी बदलता येतो. तो आपल्या बजेटबाहेर आहे, पण जमत नाही असं कुणी सांगू लागलं तर दाखवायला बरा.

दरवर्षी बाराशेचा घ्यावा आणि फेकावा, हा आक्षेप पैशांच्या हिशेबात हरत नाही. पाच वर्षांचे सहा हजार दोन्हीकडे सारखेच. दहा वर्षांच्या मुलाला तर मी तोच घेऊन देईन, कारण तो त्यावर बसणार आहे. पण दरवर्षीचे शेवटचे दोन-तीन महिने, एक कान जाऊन-येऊन असताना, वायर विशिष्ट कोनात धरून काढावे लागतात, ते या हिशेबात कुणी धरत नाही. आणि दोन खोल्यांच्या घरात हेडसेट ही चैन नसते. आजीची मालिका, वडिलांच्या बातम्या, कुकरच्या शिट्ट्या आणि अभ्यासाला बसलेली बहीण एकाच पंख्याखाली असताना, विशीतल्या मुलाला स्वतःची खोली म्हणून जे काही मिळतं ते कानांवरच्या त्या दोन कपांत. तिथे त्याचे मित्र असतात, त्याची भाषा असते, आणि आजीलाही तिची मालिका सुखाने ऐकता येते. त्या खोलीच्या भिंती वर्षातून एकदा पडू नयेत असं वाटणं फाजील नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर आवाज ऐकायच्या आधी हेडसेट दोन्ही हातांनी धरून हलकेच पिळावा आणि करकर येते का ते ऐकावं. कप पूर्ण ताणून परत बसवावेत. वायर उपटून बघावी. निघाली तर आनंद. गादी काढून परत लावता येते का ते बघावं. चष्मा असेल तर चष्म्यासकट दहा मिनिटं घालून उभं राहावं, कारण कानशिलावरचा दाब सहाव्या मिनिटाला कळतो. एवढ्यात दुकानदार विचारतोच, ‘साहेब, घ्यायचाय की मोडायचाय?’ त्याला सांगावं, मोडत नसेल तर घ्यायचाय. मग तो नाराजीने आतून एक काळाकुट्ट, बिनदिव्यांचा, वजनदार खोका आणून ठेवतो आणि म्हणतो, हा कोणी मागत नाही. त्याच्या शेजारी काचेत इंद्रधनुष्य फिरत असतं, आणि खरं सांगायचं तर ते दिसतं फार छान.